आजोबांचं पॅन अॅमचं तिकीट: साल कसं ओळखायचं, पावसाळ्यात टिकवायचं कसं?

असगोलीची वाट
गुहागरच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पॅन अॅम या जुन्या अमेरिकी विमान कंपनीचं मुंबई–न्यूयॉर्क तिकीट निघालंय. लाल कार्बनची पातळ पुस्तिका, अक्षरं पुसट. तारीख १४ ऑगस्ट वाचता येते, साल कुठेच नाही. आत एक कूपन न फाडलेलं आहे, त्यावर 'ओपन' असं लिहिलंय. एका कोपऱ्याला बुरशी. साल कसं काढायचं? आणि लॅमिनेट करून टाकू का?

जुना काउंटर
लॅमिनेट अजिबात नको. मी तिकिटापुरतं सांगतो.

उड्डाणाच्या रकान्यात दिवस आणि महिनाच लिहीत. साल असतं ते तिकीट दिल्याच्या तारखेत, म्हणजे वर उजवीकडे एजंटचा ठसा असतो त्या चौकोनात. तिथे धातूची पट्टी दाबून ठसा उठवलेला असे, त्यामुळे रंग उडाला तरी कागदावर दाब राहतो. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला जवळजवळ आडवा धरा, बाजू बदलत बघा. तिकिटाची मुदत साधारण वर्षाची असे, म्हणजे १४ ऑगस्ट त्याच सालचा किंवा पुढच्या.

अक्षरं पुसट का? गठ्ठ्यात वर ऑडिटची आणि एजंटची प्रत, मग उड्डाणाची कूपनं, आणि प्रवाशाची प्रत सगळ्यात खाली. पेनाचा जोर तिथवर पोचेपर्यंत संपलेला असतो. बिचाऱ्या प्रवाशालाच सगळ्यात वाईट प्रत!

विमानतळावर प्रत्येक टप्प्याचं कूपन फाडून घेत. एखादं शिल्लक असेल तर तो टप्पा या तिकिटावर झालेला नाही. 'ओपन' म्हणजे भाडं भरलंय, तारीख ठरलेली नाही. परतीचा प्रवास बहुधा दुसऱ्या तिकिटावर झाला. गावाच्या नावाआधी एक्स असेल तर तिथे फक्त विमान बदलायचं, मुक्काम नाही.

बंदरपाखाडी
पासपोर्ट असेल तर तोही काढा. मुंबईची आंतरराष्ट्रीय उड्डाणं १९८१ मध्ये सांताक्रूझहून सहारच्या टर्मिनलला गेली, तेव्हा शिक्क्यावर सांताक्रूझ असेल तर त्याआधीचं. पॅन अॅम ४ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, ती वरची हद्द. उड्डाण क्रमांक १ किंवा २ असेल तर ती त्यांची जगप्रदक्षिणेची सेवा: १ पश्चिमेकडे, २ पूर्वेकडे. सामानाच्या रकान्यात २० के म्हणजे इकॉनॉमीचे २० किलो. पुढे अमेरिकेच्या मार्गांवर नगांचा हिशेब आला, मग तिथे पीसी दिसतं.

(१४ ऑगस्ट म्हणजे आगबोट बंद. मुंबई एसटीनेच गाठली असणार. ट्रंकेत एसटीचं तिकीट असेल तर तेही फेकू नका.)

कसर-वाळवी
आता टिकवण्याचं.

बुरशी ओली असताना पुसू नका, कागदात रुतते. दोन टीपकागदांत ठेवून सावलीत सुकवा. ऊन नको, रंग उडतो. पंखाही नको, बुरशी घरभर होते. पूर्ण सुकली की मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झटका.

पिन गंजलेली असणारच, आपली खारी हवा. ओढू नका. मागून पातळ सुरीने पाय सरळ करा, मग काढा.

लॅमिनेशनमध्ये उष्णतेने कार्बनचं मेण वितळून पसरतं आणि ते पुन्हा सुटत नाही. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे फोल्डर पीव्हीसीचे असतात, अक्षरं त्यांना चिकटून येतात. पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. पानांची मागची बाजू कार्बनची आहे, म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये आम्लरहित कोरा कागद.

कसर (कागद खाणारी कीड) असेल तर झिपच्या पिशवीत हवा काढून आठवडाभर फ्रीझरला. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी सुटेल. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही.

डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेल. भगवे दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोनेक तास तापवा. पण आत्ता भर आषाढात डबा बंद केलात तर दमट हवाच आत कोंडाल. दसरा उलटू दे, मग कायमचं बंद करा.

स्कॅन मात्र आजच. ६०० डीपीआय, रंगीत, काचेवर ठेवून. मग फोटो एडिटरमध्ये लाल-हिरवा-निळा यांपैकी फक्त निळा चॅनेल बघा, लाल अक्षरं काळी दिसतात.

असगोलीची वाट
निळ्या चॅनेलमध्ये ठशातला '७' दिसला, पुढचा आकडा ३ किंवा ८. पासपोर्ट शोधतो. त्याच ट्रंकेत जेट एअरवेजचा बोर्डिंग पासही आहे, जवळजवळ कोरा झालाय. त्यालाही हेच करायचं?

कसर-वाळवी
नाही. तो थर्मल कागद असणार, शाई नसतेच. उडालेली अक्षरं परत आणायला इस्त्री लावाल तर पूर्ण कागद काळा पडेल. आहे तेवढं आज स्कॅन करा, आणि तिकिटाच्या पाकिटात नको, वेगळा ठेवा.