मदत हवी आहे: 'थिंक टँक'ला मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी, एका छोट्या संस्थेसाठी पश्चिम घाटावरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय, बाकी सगळं झालंय पण या एका शब्दापाशी गाडी अडलीये. भाषांतराच्या ॲपनं बिनधास्त 'विचार टाकी' दिलं. बाबांनी प्रूफ बघताना विचारलं, गच्चीवरची का गं? तेव्हापासून घरात तेच चाललंय.

आधी मी सगळीकडे 'तज्ज्ञ समिती' ठोकून दिलं. मग खटकलं, कारण पुस्तिकेत पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांच्या गटाचा अहवाल पण आहे, आणि तो गट सरकारनं २०१० मध्ये नेमला, २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला की काम संपलं. त्याचं नाव 'पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ गट', मागून कस्तुरीरंगन यांचा आला तो 'उच्चस्तरीय कार्यगट', आणि आपण बोलताना दोन्हीला सरळ समिती म्हणतो. पण थिंक टँक म्हणजे कायम चालणारी संस्था ना? कुणी नेमायची वाट न बघता स्वतःच विषय घेऊन अभ्यास करणारी? मग नीति आयोगाला सरकारचा थिंक टँक का म्हणतात, ते तर सरकारचंच आहे की!

'अभ्यासगट' लिहिलं तर एमपीएससीची पोरं डोळ्यासमोर येतात. 'विचारगट' चालेल? शुक्रवारी छापायला द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद १
ताई, कायम चालणारी हे बरोबर, पण सरकारी असू नये असं काही नाही. नीति आयोग २०१५ मध्ये नियोजन आयोगाच्या जागी आला, तो सरकारला धोरण सुचवतो म्हणून थिंक टँक. पेपरवाले तर एखाद्या नेत्याभोवतीच्या चार सल्लागारांनाही थिंक टँक म्हणतात, तिथे सरळ 'सल्लागार मंडळी' लिहा. विचारगट नको, दर रविवारी वाचनालयात जमणारे आजोबा वाटतात :)

प्रतिसाद २
मी तर थिंक टँकच ठेवलं असतं, पहिल्यांदा येईल तिथे 'धोरणांचा अभ्यास करणारी संस्था' एवढं जोडायचं. गाडगीळांचं मात्र 'तज्ज्ञ गट'च राहू द्या, ते नाव आहे.

धागाकर्ती
दोघांचेही आभार, तसंच करते. आता शेवटचं, तो थिंक टँक की ती? मी 'तो' लिहिलंय आणि बाबा म्हणतायत टाकी म्हणजे तीच.