मदत हवी आहे: फादरांच्या नावाने खोटे मेल, पासवर्ड बदलूनही थांबत नाहीत

वसईकर_पोर: आमच्या फादरांच्या नावाने लोकांना मेल जातायत. पासवर्ड दोनदा बदलला, तरी चालूच. रविवारी मिस्सा सुटल्यावर सगळे मलाच धरणार, चर्चचा कंप्युटर मी बघतो ना. लवकर सांगा.

खटपट्या: मेलमध्ये काय लिहिलंय? कुठल्या पत्त्यावरून?

वसईकर_पोर: फादरांच्याच. सांगितलं की वर.

खटपट्या: नाव कुणीही कुणाचंही लावतो. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, त्यावर टिचकी मारा, पत्ता दिसेल.

नाना_निवृत्त: चांगला अँटीव्हायरस टाका. मी दरवर्षी न चुकता नवा घेतो.

वसईकर_पोर: बघितलं. नाव फादरांचं, पत्ता कुठलातरी भलताच जीमेल. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, एक काम कराल का?’ हो म्हटलं की आजारी मुलांसाठी गिफ्ट कार्डं घ्या, कोडचे फोटो पाठवा.

खटपट्या: म्हणजे फादरांचं खातं हॅक झालेलंच नाही. पासवर्ड शंभरदा बदला, काय फरक पडणार?

सर्व्हरवाला: चर्चचं स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर चर्चचंच नाव. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का, ते तपासायच्या सोयी) लावा, पॉलिसी रिजेक्ट ठेवा, म्हणजे नापास मेल नाकारला जातो. विषय संपला.

खटपट्या: कसला संपला? डीमार्कने तुमच्या डोमेनची नक्कल थांबते. हा जीमेलवर स्वतःचं खातं उघडून बसलाय, त्याचा मेल सगळ्या तपासण्या पास होणार.

सर्व्हरवाला: पण डोमेन असेल तर ‘जीमेलवरून आलं की खोटं’ असं लोकांना सांगता येतं. आत्ता खरे फादरही जीमेलवर असतील!

वसईकर_पोर: आहेत.

लेक_वसईची: आमच्याकडे न्यू जर्सीतही अगदी हेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्येच इशारा दिला होता. पण पत्ते मिळाले कुठून त्याला?

वसईकर_पोर: नाताळचा मेल मी सगळ्यांना ‘टू’मध्ये टाकून पाठवला होता. कुणाकडून तरी पुढे गेला असेल.

लेक_वसईची: बीसीसी रे बाबा! त्यात एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही.

नाना_निवृत्त: मेल हवेतच कशाला? आमच्या सोसायटीत फळ्यावर लिहितात. अवांतर: नाताळच्या फराळावर कुणीतरी धागा काढा.

खटपट्या: पैसे गेले का कुणाचे?

वसईकर_पोर: एका आंटीचे. दोन हजारांची पाच कार्डं, काल संध्याकाळी.

खटपट्या: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! आत्ता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा आणि कार्डवाल्या कंपनीला कोड गोठवायला सांगा. वापरले नसतील तर वाचतील. पावती, कार्डं, मेल काही डिलीट करू नका. बाकीच्यांना जीमेलमध्ये ‘फिशिंग’ म्हणून रिपोर्ट करायला लावा.

वसईकर_पोर: आंटी तयार नाही. फादरांना कळू देऊ नकोस म्हणते, लाज वाटते तिला.

लेक_वसईची: सूचनांच्या वेळी फादरांनाच बोलू दे, तिचं नाव न घेता. ‘मी मेलवर पैसे मागत नाही, मागितले तर मला फोन करा.’ पण तक्रारीला रविवारपर्यंत थांबू नकोस, आत्ता तिच्या घरी जा.

वसईकर_पोर: निघालो. १९३० एंगेज येतोय.

खटपट्या: लावत राहा, तोवर सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. कोड कुणीही फोनवर मागितला तर देऊ नका, ‘पैसे परत मिळवून देतो’वाले आता तिलाच शोधत येतील.

सर्व्हरवाला: डोमेनचं काय ठरलं?