मदत हवी आहे: अण्णांच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली (पेजमेकर, श्रीलिपी, सगळं त्यातच)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. माझे वडील कराडला डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम करतात. लग्नपत्रिका, दुखवट्याची पत्रं, पतसंस्थांचे अहवाल. सगळं काम २०१० साली घेतलेल्या एकाच लॅपटॉपवर, पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टांत. कोअर आय थ्री, पहिली पिढी, ३ जीबी रॅम, ५०० जीबीची डिस्क, विंडोज ७. नवीन घेऊ म्हटलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "ह्यात पेजमेकर चालतो ना, मग?"

गेले दोन महिने पेजमेकर उघडायला दहा-दहा मिनिटं लागत होती. मग निळा पडदा यायला लागला. परवापासून काळ्या पडद्यावर एकच ओळ: ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड. बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) गेलं तर डिस्कचं नाव कधी दिसतं, कधी नाही.

गावातल्या एका दुकानात दाखवला. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला: डिस्क गेली, नवीन टाकून विंडोज १० मारून देतो, साडेचार हजार, डेटा विसरा. अण्णा तिथून लॅपटॉप उचलून घरी आले आणि तेव्हापासून फारसे बोलत नाहीयेत. एका पतसंस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे, तिचा अहवाल अर्धा झालेला त्यात अडकलाय. बॅकअप नाही. (हो, माहितीये. अण्णांना बोलून झालंय, मला परत बोलू नका.)

मी पुण्याहून शनिवारी घरी जातेय. डिस्क मी स्वतः बदलू शकेन का? कोणती घ्यायची? आणि जुनीतलं काही निघेल का?

पाना_पक्कड

आधी एक सांगा, आवाज कसा येतो? ठरावीक तालात टक... टक... टक येत असेल तर आतलं हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारं टोक) गेलंय. मग लॅपटॉप पुन्हा चालू करूच नका, ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं, आणि ते महाग असतं. नुसती घरघर असेल आणि नाव मधूनमधून दिसत असेल तर आशा आहे.

दुपारची_झोप

डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी तासभर चालते. आमच्या हापिसात केलं होतं.

पाना_पक्कड

@दुपारची_झोप, कृपया नको. फ्रीजरमधून काढल्यावर आत दव धरतं. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, तिथे पाण्याचा अंश म्हणजे संपलंच. फ्रीजमध्ये कैरीचं लोणचं ठेवा.

कोयनाकाठ

आईला फोन करून लॅपटॉपला कान लावायला सांगितलं. टक-टक नाही. "गिरणी लांबून ऐकू येते तसं" म्हणाली.

पाना_पक्कड

आईंचं निदान चांगलंय. म्हणजे तबकडी फिरतेय, बहुधा काही सेक्टर (तबकडीवरचे डेटा साठवायचे छोटे तुकडे) खराब झालेत. मग आधी डेटा, डिस्क बदलणं नंतर.

दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन रुफस नावाच्या प्रोग्रॅमने लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) त्यावर टाका, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. जुना लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवायचं. त्यातल्या डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते आकडे दिसतील. रिॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि करंट पेंडिंग (नीट वाचता न येणारे) ह्या दोन ओळी बघून इथे कळवा. निरोगी डिस्कवर दोन्ही शून्य असतात.

आणि विंडोजच्या सीडीवरून चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवायचा मोह आवरा. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं.

खिळे_जुळारी

ताई, मी पण डीटीपीवाला, म्हणून दुसरं काही सांगतो. नुसत्या फायली उचलून भागणार नाही. श्रीलिपी काय, आयएसएमचे सुरेख, योगेश काय, हे जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारे मराठीचे ठरलेले कोड) नव्हेत. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नसेल तर अख्खा अहवाल "डब्ल्यू, कंस, टक्का" असा दिसेल. तेव्हा विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डर आधी उचला. पेजमेकर ७ च्या फायलींचं शेपूट पीएमडी, जुन्या ६.५ च्या फायलींचं पी६५. फोटो बहुधा वेगळ्या फोल्डरात असतील आणि पेजमेकरमध्ये ते नुसते जोडलेले असतात, तेही घ्या. श्रीलिपीचं यूएसबी डोंगल (पेन ड्राइव्हसारखी परवान्याची किल्ली) असेल तर अण्णांना विचारून जपून ठेवा.

पेजमेकरची सीडी आहे का?

कोयनाकाठ

सीडी २०१९ च्या पुरात गेली. दुकानात पाणी होतं. लॅपटॉप तेवढा अण्णांनी आधी माळ्यावर टाकला होता.

खिळे_जुळारी

मग पेजमेकर परत बसवता येणार नाही, तेव्हा विंडोज १० मारण्याचा सल्ला साफ विसरा. आहे तीच विंडोज, पेजमेकरसकट, नव्या डिस्कवर जशीच्या तशी गेली पाहिजे.

कोयनाकाठ

शनिवार, रात्र. मिंट चाललं! आकडे: रिॲलोकेटेड ९६, पेंडिंग १८४. अण्णा शेजारी बसलेत. कामाचं फोल्डर ११ जीबीचं आहे आणि दिसतंय. कॉपी करू?

पाना_पक्कड

नियमाने आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा (एका मोठ्या फाइलमध्ये हुबेहूब प्रत) घ्यावी, कारण प्रत्येक वाचन डिस्कला झिजवतं. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा उचलणारा प्रोग्रॅम वापरा. इंटरनेट जोडून मिंटमध्येच बसवता येतं, पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू.

खिळे_जुळारी

नियम बरोबर, पण इथे ११ जीबीसाठी सभा अडलीये. मी आधी ते आणि फॉन्ट्स घेईन, मग प्रतिमा. एखाद्या फाइलवर अडकलं तर तिथे घासत बसायचं नाही, सोडून पुढे.

पाना_पक्कड

बरं, मान्य. आता डीडीरेस्क्यूबद्दल नीट वाचा.

बाहेरची डिस्क १ टीबीची घ्या. तिचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, एनटीएफएस हवं. पहिल्या फेरीत खराब जागा खरवडायच्या नाहीत. आधी सोपं तेवढं उचलायचं, अवघड भागाकडे नंतर वळायचं. मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नका. मध्येच लाइट गेली तरी त्या फाइलमुळे काम सोडलं तिथून पुढे सुरू होतं. आणि आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवी जागा. हा क्रम उलटला तर रिकाम्या डिस्कची प्रत अण्णांच्या कामावर चढेल. एंटर मारण्याआधी दोन्ही नावं मोठ्याने वाचा, शेजारी बसलेल्यांना ऐकू द्या. यूएसबी २ असल्याने तासाला साधारण शंभर जीबी धरा, खराब जागी जास्त. खाली पंखा ठेवा.

नवी डिस्क: अडीच इंची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क), साटा जोडणीची, जुनीसारखीच. दुकानदार एम टू नावाची पट्टी पुढे करेल, ती ह्या लॅपटॉपला बसत नाही, त्याला खाचच नाही. तुमची जुनी ५०० ची आहे, म्हणून ५०० किंवा ५१२ चीच घ्या. ४८० ची स्वस्त दिसते, पण प्रतिमा २० जीबीने बाहेर राहील. एवढा जुना लॅपटॉप साटाच्या दुसऱ्या पिढीचा, म्हणजे सेकंदाला अडीचशे-पावणेतीनशे एमबीच्या वर जाणार नाही. महागडी घेण्यात अर्थ नाही. पण अनोळखी कंपनीची "२ टीबी, हजार रुपयांत" पण नको, त्यात बहुतेक वेळा मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं.

कोयनाकाठ

११ जीबी आणि फॉन्ट्स बाहेर आले! सात फायली अडकल्या, सोडल्या. प्रतिमा लावून झोपतेय. म्हणजे मी झोपतेय, अण्णा खुर्ची टाकून बसलेत.

कोयनाकाठ

मंगळवार. उशीर झाला, पण सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

प्रतिमेला १४ तास लागले. पहिले साडेचारशे जीबी पाच तासांत, उरलेलं रडतखडत. शेवटी २.३ एमबी सोडून सगळं आलं.

डिस्क बदलणं ह्या सगळ्यात सगळ्यात सोपं निघालं. चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरलं. खालच्या झाकणाचे दोन स्क्रू. एकाचं डोकं गुळगुळीत झालं होतं, तिथे अण्णांनी रबरबँड ठेवून वरून स्टार स्क्रूड्रायव्हर दाबला आणि फिरवला, सुटला. डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीसकट बाजूला सरकवून काढायची, वर खेचायची नाही. जुनी साडेनऊ मिमी जाडीची, नवी ७ ची. चौकटीचे चार स्क्रू नव्या डिस्कला तंतोतंत बसले. पण जाडी कमी असल्याने थोडी हालचाल होती, म्हणून नव्या डिस्कच्या खोक्यात आलेली प्लास्टिकची चौकट तिला चिकटवली.

प्रतिमा नव्या डिस्कवर उतरवली आणि चेकडिस्क त्या प्रतीवर चालवली, जुनीवर नाही. विंडोज उठली. पेजमेकर उठला, नऊ सेकंदांत. अण्णांना वाटलं काहीतरी चुकलंय. अहवालात एका शीर्षकाचा फॉन्ट तेवढा फाटला होता, तो साताऱ्याच्या एका प्रेसवाल्या मित्राकडून मागवून घेतला.

अडकलेल्या सात फायलींपैकी पाच प्रतिमेतून निघाल्या. उरलेल्या दोन २०१४ च्या लग्नपत्रिका. त्या जोडप्यांना आता लागणार नाहीत असं अण्णा म्हणतात.

पाना_पक्कड

झकास. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, तेव्हा त्या लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा, फायली पेन ड्राइव्हने न्या-आणा. जुनी डिस्क महिनाभर फेकू नका. आणि ती १ टीबीची पुण्याला परत नेऊ नका, तिथेच राहू द्या.

कोयनाकाठ

अण्णांनी ती आधीच देवघराच्या कपाटात ठेवलीये, पेढ्यांच्या खोक्यात. आता प्रिंटर कुरकुर करतोय, पण तो वेगळा धागा काढते.