मदत हवी आहे: छातीतली गाठ शोधायचं नवीन मशीन, शनिवारच्या आत सांगा

खानापूरची_सून (मंगळवार, रात्री ९.४०)
आमच्या स्त्रीशक्ती संघात रविवारी शिबिर ठेवायचं चाललंय. हातात धरायचं मशीन आहे, मोबाईलवर लाल-हिरवे चौकोन उमटतात. दुखत नाही, एक्स-रे नाही. बाईमागे २५० रुपये. कागदावर '९८ टक्के अचूक' असं छापलंय. घ्यावं की नको? शनिवारी त्यांना फोन करायचाय. लांबड लावू नका प्लीज.

तंबाखूपेठ_निपाणी (रात्री ९.५२)
कुठलं मशीन? अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा की दाबून घट्टपणा बघणारं? दोन्ही वेगळी.

खानापूरची_सून (रात्री ९.५५)
हातात धरायचं म्हणून लिहिलंय की वर.

तंबाखूपेठ_निपाणी (रात्री १०.०१)
कॅमेराही हातात धरता येतो ताई. अंगाला टेकवतात का?

खानापूरची_सून (रात्री १०.०३)
टेकवतात. तेल लावून.

मलप्रभाकाठ (रात्री १०.२०)
मग दाबाचं. गाठ आजूबाजूच्या मांसापेक्षा कडक असते, तो फरक सेन्सर पकडतो. कॅमेरा असता तर सरळ नको म्हटलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) थर्मोग्राफी, म्हणजे तो उष्णतेचा कॅमेरा, मॅमोग्राफीच्या (स्तनांचा एक्स-रे) जागी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय.

वैद्यबुवा_उचगाव (रात्री १०.३१)
रोज सकाळी कोमट पाण्यातून हळद. मशीनची गरजच पडत नाही.

मलप्रभाकाठ (रात्री १०.३३)
बुवा, मागच्या धाग्यावर हीच हळद गुडघ्याला होती.

लॅबवाला_टिळकवाडी (रात्री ११.०५)
९८ टक्क्यांवर जाऊ नका. समजा हजार बायकांत ५ जणींना स्तनाचा कॅन्सर आहे. मी मशीनला हात न लावता हजारही जणींना 'काही नाही' म्हणालो, तर ९९५ वेळा माझं बरोबर. म्हणजे मी ९९.५ टक्के अचूक, त्यांच्यापेक्षा भारी! आणि पाचहीजणी सुटल्या. विचारायचं ते हे: रोग असलेल्यांतल्या किती पकडल्या आणि नसलेल्यांतल्या किती उगाच घाबरवल्या. शिवाय कुणावर तपासलं? दवाखान्यात मोठी गाठ घेऊन आलेल्यांवर कुठलंही यंत्र हुशार दिसतं. ज्या 'हिरव्या' निघाल्या त्यांची पुन्हा मॅमोग्राफी केली का? नसेल, तर सुटलेल्या मोजल्या कुणी?

चिक्कोडी_एक्सप्रेस (रात्री ११.२२)
टिळकवाडीत बसून बोलायला सोपं हो. आमच्याकडच्या बायका मॅमोग्राफीला बेळगावला जाणार कधी? एक दिवसाची मजुरी, बसभाडं, सोबत माणूस. काहीच नसण्यापेक्षा मशीन बरं की.

लॅबवाला_टिळकवाडी (रात्री ११.३०)
लाल आल्यावर तीच बाई बेळगावलाच येणार ना? तेव्हाच्या मजुरीचं काय?

मलप्रभाकाठ (बुधवार, सकाळी ७.१०)
'काहीच नसण्यापेक्षा' कशाला, हात आहेत. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाच्या वर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच तपासलं. २०२१ मध्ये निकाल आला. तपासलेल्यांत आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. सगळी वयं धरली तर १५ टक्के, पण तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मशीनवाल्याला विचारा, मृत्यू कमी झाल्याचं तुमच्याकडे काय आहे? मंजुरीचा कागद दाखवला तरी त्याने तेवढं सिद्ध होत नाही.

तंबाखूपेठ_निपाणी (सकाळी ७.४५)
सरकारी कार्यक्रमातही ३० च्या वरच्या बायकांची हातानेच तपासणी आहे, फुकट. आशाताईंना विचारा.

चिक्कोडी_एक्सप्रेस (सकाळी ७.५०)
आशाताई फॉर्म भरून जातात. तपासतंय कोण?

खानापूरची_सून (सकाळी ८.१५)
इथेपण तेच. आणि मशीनवाल्यांचं संमतीपत्र कन्नडात आहे, अर्ध्या बायकांना वाचता येत नाही. काय लिहिलंय विचारलं तर 'काही नाही, सही करा' म्हणाला.

काळादिवस_शहापूर (सकाळी ८.२१)
हेच! १९५६ पासून हेच चाललंय!

संपादक (सकाळी ८.४०)
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे.

लॅबवाला_टिळकवाडी (सकाळी ८.५२)
भाषा कुठलीही असो, वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. तुमचे आकडे ते स्वतःच्या अभ्यासात वापरणार असतील तर तेही त्यातच लिहिलेलं असतं. अभ्यास असेल तर पैसे का घेतायत, तेही विचारा. ताई, बायका किती आणि वयं काय? तुम्ही अजून सांगितलं नाही.

खानापूरची_सून (सकाळी ९.३०)
२२ जणी. २६ ते ६१. खरं सांगू? माझ्या नणंदेचं गेल्या महिन्यात दुसऱ्या गावच्या शिबिरात याच मशीनने केलं. सगळे चौकोन हिरवे. ती म्हणते चांगलं आहे, म्हणून तर शिबिर घेतोय. पण काखेकडच्या बाजूला आवळ्याएवढं काहीतरी हाताला लागतं तिला, दिवाळीपासून. मशीन हिरवं म्हणालंय म्हणून ती गप आहे.

मलप्रभाकाठ (सकाळी ९.३२)
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

लॅबवाला_टिळकवाडी (सकाळी ९.३८)
शिबिर बाजूला ठेवा. स्क्रीनिंग असतं ते काही त्रास नसलेल्या बायकांसाठी. गाठ हाताला लागतेय म्हणजे तिचा प्रश्नच वेगळा झाला. आता मशीन हिरवं म्हणो की निळं, ते धरायचं नाही. सर्जनला दाखवा, ते सोनोग्राफी, मॅमोग्राफी सांगतील, लागलं तर सुईने तुकडा घेऊन बायप्सी. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते नुसत्या हाताने कळत नाही. वय किती तिचं?

खानापूरची_सून (सकाळी ९.४१)
३८. दुखत नाही पण. दुखत नाही म्हणजे चांगलं ना?

लॅबवाला_टिळकवाडी (सकाळी ९.४३)
नाही ताई. कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही.

चिक्कोडी_एक्सप्रेस (सकाळी ९.५०)
माझं कालचं मागे घेतो. बेळगावच्या सरकारी बिम्स हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीत आधी दाखवा. आधार आणि रेशन कार्ड घ्या. ते हिरव्या चौकोनांचं प्रिंटआउट पण घेऊन जा, डॉक्टरांना दिसू दे.

खानापूरची_सून (दुपारी १.०५)
तिच्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणतो रविवारनंतर बघू. मी म्हटलं उद्याच, तुला जमत नसेल तर मी नेते. सकाळची पहिली बस. शिबिराचं कळवते त्यांना, तूर्त नको म्हणून.

वैद्यबुवा_उचगाव (दुपारी १.४०)
मशीन विकत केवढ्याला मिळतं कुणी सांगेल का?