सुट्टीची बॅग भरायला स्टायलिस्टला पैसे देणं चुकीचं आहे का?

तांबडी माती (फोंडा)

मे महिन्यात आम्ही दोघं आणि नणंद-नंदावा असे चौघं हिमाचलला जाऊन आलो. शिमला आणि मनाली, आठ रात्री. जायच्या आधी मी पणजीतल्या एका स्टायलिस्ट मुलीला घरी बोलावलं, चार हजार रुपये दिले आणि कपाट व बॅग दोन्ही तिच्याकडून लावून घेतलं. परत आल्यावर घरी जेवताना हे सांगितलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "कपडे कुठले घालायचे ते आता बाहेरच्यांनी सांगायचं?" दीर म्हणाले, "पेन्शन जास्त होतेय वाटतं." त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून इथे लिहिते आहे. मला ते पैसे वाया गेले असं अजिबात वाटत नाही.

एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. रोज सुती साडी, खांद्यावर पिन, पायात चप्पल. थंडी म्हणजे डिसेंबरात जत्रेच्या रात्री खांद्यावर घेतलेली शाल, तेवढीच माहीत. गोव्यात जन्म गेलेल्या बाईकडे गरम कपडे असणार कुठून? एकच स्वेटर होता, आईनं विणलेला, विटकरी रंगाचा. तो अर्धी बॅग खायचा.

ती मुलगी आली आणि तासभर तिनं कपाटाला हातच लावला नाही. कुठल्या दिवशी कुठे, चालणं किती, गुडघे दुखतात का, हॉटेलात कपडे धुवायची सोय आहे का, फोटोंत कुठल्या कपड्यांत मी मला बरी दिसते, हे सगळं विचारून वहीत लिहून घेतलं. मग सगळं पलंगावर काढायला लावलं. निम्म्या ब्लाउजांवर बुरशीचे काळे ठिपके होते. दरवर्षी जुलैत येतात, दरवर्षी मी बघते आणि दार लावून टाकते. एकेक कपडा तिनं ट्यूबलाइटखाली न बघता खिडकीपाशी नेऊन बघितला. रंग खरा उजेडातच कळतो, हे मुलांना चित्रकलेच्या तासाला मीच सांगत आले, स्वतःच्या कपड्यांना कधी लावलं नव्हतं.

थंडीत एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, हे तिनंच समजावलं. आतला घाम ओढून घेणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा अडवणारा. सुती कपडा अंगाला लागून ओला झाला की वाळत नाही आणि गारठा वाढवतो. म्हणजे मी ठेवलेले सहा सुती कुडते सगळ्यांत आत घालायला चुकीचेच होते. नवं फक्त दोन वस्तू घ्यायला लावल्या, आतले गरम कपडे आणि वारा अडवणारं जॅकेट. मनालीजवळच्या रोहतांग खिंडीच्या वाटेवर बर्फाचे कोट आणि बूट भाड्यानं मिळतात, त्यासाठी जाड कोट विकत घेऊ नका, असं तिनं ठामपणे सांगितलं. नणंदेनं सात हजारांचा कोट घेतला होता. तो एक दिवस वापरला आणि आता प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटावर आहे.

शेवटी एकूण अकरा कपडे. रोजचा जोड पलंगावर मांडून फोनवर फोटो काढून दिला. मोपाच्या विमानतळावर माझी बॅग साडेनऊ किलो भरली, मुभा पंधराची. आईचा स्वेटर? "जाड ते बॅगेत नको, हातावर घ्या," ती म्हणाली. घेतला. दिल्लीहून वर जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये तोच अंगावर होता.

यात चूक काय झाली ते सांगा.

कुळागर (प्रियोळ)

ताई, तुमच्या पैशांचा हिशोब मागायचा मला हक्क नाही, दिरांचं बोलणंही बरं नव्हतं. पण प्रश्न विचारलात म्हणून लिहितो. माझा विरोध पैशांना नाही.

बॅग भरणं हे आमच्या घरात सगळ्यांचं काम होतं. आजी पाटावर बसून सांगायची, पंचे किती, सोवळं कुठलं, वाटेत लागणारा डबा कुठे. कोणी काय विसरलं यावरून पुढे वर्षभर हसणं चालायचं. तुम्ही जे त्या मुलीकडून शिकलात ते नंदावा सांगू शकले असते, शेजारचे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ सांगू शकले असते. आपण एकमेकांना विचारायचं सोडून दिलं आणि त्या रिकाम्या जागी पैसे घेणारा माणूस आला, हे मला खुपतं.

दुसरं. आमच्याकडे मंगेशीला पर्यटक येतात. देवळाबाहेर कपड्यांच्या नियमांचा फलक आहे. तरी रोज कोणीतरी आखूड कपड्यांत येतं आणि थांबवलं की रडवेलं होतं. त्यातल्या एका मुलीनं मला सांगितलं की तिच्या "गोवा लूक"ची यादी पैसे देऊन करून घेतली होती. त्या यादीत समुद्र होता, देऊळ नव्हतं. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बासिलिकेतही खांदे झाकलेले लागतात. गोव्याला यायचं आणि गोवा म्हणजे फक्त वाळू असं समजून बॅग भरायची, ही त्या धंद्याची शिकवण आहे.

दर्याकाठ (मांद्रे)

कुळागरांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझी साक्ष. आमचं चार खोल्यांचं गेस्टहाउस आहे. खोली सोडून पाहुणे गेले की आम्हाला काय सापडतं? एकदा घातलेला, किंमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला पांढरा झालरीचा फ्रॉक. गवती टोपी. टाचांचे सँडल, वाळूत रुतून पट्टा तुटलेले. दर हंगामाला दोन पोती भरतात. कोणी फोन करून परत मागत नाही.

आणि जूनमध्ये येणाऱ्यांचं बघा. दोन जीन्स आणतात. पावसात भिजलेली जीन्स इथे तीन दिवस वाळत नाही, खोलीला कुबट वास लागतो. तिसऱ्या दिवशी बायको माझी लुंगी देते पाहुण्याला. पांढरी पँट घालून स्कूटरवर बसतात, तांबड्या मातीचे शिंतोडे उडतात, ते डाग जाता जात नाहीत. जो कोणी सांगणारा असेल त्यानं निदान ही माती बघितलेली असावी. दिल्ली-मुंबईत बसून गोव्याची बॅग भरून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पावसाळी खिडकी (पणजी)

मी हेच काम करते, सहा वर्षं. ताईंकडे गेलेली मी नव्हे, पण तिनं केलं तसंच आम्ही करतो, म्हणून दोन्ही बाजूंचं लिहिते.

दर्याकाठ भाऊ, तुमच्या पोत्यांचं वाचून वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. आमच्यात एक वर्ग असा आहे की जो खरेदीच्या लिंका पाठवतो आणि प्रत्येक खरेदीवर त्याला दुकानाकडून पैसे मिळतात. अशा माणसाला तुमच्या कपाटात काही चांगलं सापडणारच नाही. म्हणून कोणालाही बोलवण्याआधी सरळ विचारा, "मी विकत घेतलेल्या वस्तूवर तुम्हाला काही मिळतं का?" उत्तर द्यायला कोणी घुटमळलं तर तिथेच थांबा. मी फक्त तासांचे पैसे घेते आणि ते आधी लिहून देते.

पण "घरातल्यांना विचारा" हे मला पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात बायकांना घरातल्यांनीच सांगितलेलं असतं: तुला हे शोभत नाही, या वयात हा रंग, दंड झाक. ते वीस-वीस वर्षं ऐकून त्या येतात. आपल्या आवडीचा कपडा कपाटातून काढून माझ्या हातात देताना त्यांचा आवाज बारीक होतो. परक्या माणसापुढे बोलणं त्यांना सोपं जातं, कारण मी उद्या त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून टोमणा मारणार नसते.

मांडवीपलीकडे (बेती)

धागा कालपासून वाचते आहे. लिहू की नको करत होते.

तीन वर्षांपूर्वी माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. त्यानंतर पहिल्यांदा मुलांबरोबर केरळला जायचं ठरलं तेव्हा मी दोन वेळा बॅग भरली आणि दोन वेळा रिकामी केली. कुठलाच कपडा अंगावर नीट बसत नव्हता आणि का बसत नाही हे मला बहिणीलाही सांगता येईना. ती रडली असती, मग तिला मीच समजावत बसले असते.

एका स्टायलिस्टनं माझ्याबरोबर तीन तास घालवले. गळा कुठपर्यंत असावा, एका बाजूनं वळणारी घडी काय काय झाकते, हात वर होत नाही तर पुढून बटणांचे कपडे, पट्टा जखमेवर घासणार नाही अशी पिशवी. अंगावर एकाच रंगाचं सलग कापड नको, बारीक छापा घ्या, डोळा तिथे थांबत नाही, असं तिनं सांगितलं. आरशासमोर उभं करून तिनं माझी ओढणी सरळ केली. इतक्या महिन्यांत डॉक्टर-नर्स सोडून मला कपडे घालताना कोणी हात लावला नव्हता. आलेप्पीच्या बोटीतले माझे फोटो आहेत. मी स्वतः काढायला सांगितलेले.

कुळागर भाऊ, सगळंच घरात विचारता येत नाही.

कुळागर (प्रियोळ)

ताई, तुमचं वाचून थांबलो. तुमच्या बाबतीत माझा शब्द मागे. हे मला सुचलं नव्हतं, सुचायला हवं होतं.

साधी सहल आणि धडधाकट माणूस, तिथे माझं मत आहे तेच आहे.

सुईदोरा (म्हापसा)

मी बावीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट लागली. स्टायलिस्ट हा शब्द यायच्या आधी हे काम कोण करत होतं? आम्हीच. गिऱ्हाईक कापड घेऊन येतं, मी सांगते, बाय, हे कापड उभ्या रेघांचं घे, बाही कोपराच्या वर दोन बोटं ठेव, तुझा खांदा उतरता आहे. त्याचे मी कधी वेगळे पैसे घेतले नाहीत. ब्लाउजची शिलाई वाढवली तर गिऱ्हाईक घासाघीस करतं, आणि नुसतं सांगायचे चार हजार आनंदानं देतं. हे मला समजत नाही, आणि मनाला लागतंही.

शिवाय त्या बायका माप घेत नाहीत. नुसतं नजरेनं बघून सांगणं आणि टेप लावून सांगणं यांत फरक आहे. तयार कपडा घ्यायला लावतात, तो कमरेत सैल निघतो, मग तो माझ्याकडेच दुरुस्तीला येतो.

आणि साडी. तांबडी माती ताई, तुमच्या अकरा कपड्यांत साडी किती?

पावसाळी खिडकी (पणजी)

सुईदोरा ताई, तुमचं बरोबर आहे, आणि सल्ल्याचे पैसे तुम्हीही घ्यायला हवेत. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दुरुस्तीसाठी शिंप्याकडे पाठवते. बसणारा जुना कपडा न बसणाऱ्या नव्यापेक्षा नेहमीच चांगला दिसतो.

साडीबद्दल: आमच्याच राज्यात कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी कुणबी साडी पुन्हा विणून घेतली आणि मोठ्या शहरांतल्या फॅशनच्या मंचावर नेली. लाल-पांढऱ्या चौकटींची, शेतात वावरता यावं म्हणून आखूड नेसायची, खांद्यावर गाठ मारायची. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. ज्या कष्टकरी बायकांची ती साडी, त्यांच्यासाठी ती प्रवासाची, कामाची, सगळ्याचीच होती. साडी प्रवासाला अडचणीची असते हे मी कधीच म्हणणार नाही. माझ्या क्षेत्रातल्या पुष्कळजणी म्हणतात, ते चुकीचं आहे.

दर्याकाठ (मांद्रे)

आमच्याकडे सातारच्या एक आजी आल्या होत्या, नऊवारीत. काष्टा घातलेला, गुडघाभर पाण्यात सरळ उभ्या राहिल्या. शेजारच्या मुली झालर सांभाळत किनाऱ्यावरच थांबल्या होत्या. हे आठवलं म्हणून लिहिलं.

तांबडी माती (फोंडा)

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

सुईदोरा ताई, साडी एकही नव्हती. मी एक काढली होती, निळी, त्या स्टायलिस्ट मुलीनं बाजूला ठेवायला लावली. परकर, ब्लाउज, साडी मिळून दोन जोड बसतात एवढी जागा जाते, हे तिचं कारण. तेव्हा पटलं. मनालीला हिडिंबेच्या देवळात गेलो. १५५३ सालचं लाकडी देऊळ, भोवती देवदार. तिथे नवऱ्यानं फोटो काढला. फोटोत मी नीटनेटकी दिसते, थंडीही वाजत नव्हती. पण देवासमोर हात जोडलेली ती बाई मला ओळखीची वाटेना. हे मी आत्तापर्यंत कोणाला बोलले नव्हते, कारण बोलले असते तर जाऊबाईंचं खरं झालं असतं.

तरीही चार हजारांबद्दल माझं मत बदलत नाही. तीन थर, भाड्याचा कोट, फोटो काढलेले जोड, बुरशी आलेलं कपाट साफ झालं ते वेगळंच. नंदाव्यांना मी विचारलं होतं, कुळागर भाऊ. ते म्हणाले, "दोन स्वेटर टाका, झालं." शिमल्याच्या पावसात त्यांचे दोन्ही स्वेटर भिजले आणि ते दोन दिवस खोलीत बसून राहिले.

पुढच्या वेळी तिला बोलावलं तर सुरुवातीलाच सांगेन, एक साडी येणारच, बाकीचं तुम्ही त्याच्याभोवती लावा. तेवढं मी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. ती चूक माझ्याकडे येते.

सुईदोरा ताई, त्या निळ्या साडीचा ब्लाउज आता दंडात घट्ट होतो आहे. थंडीत आत गरम कपडा घालता येईल असा, लांब बाहीचा, नवा शिवून द्याल का? सल्ल्याचे पैसे वेगळे लावा.

सुईदोरा (म्हापसा)

देते की. जुना ब्लाउज मापाला आणू नका, तुम्ही स्वतः या. आणि जो गरम कपडा आत घालणार तो अंगात घालूनच या, त्याच्यावरून माप घेते, नाहीतर काखेत ओढेल. शुक्रवारी नको, बाजाराची गर्दी असते, उभं राहायला जागा नसते. बुधवारी सकाळी या.