मदत हवी आहे: गुडघे दुखणाऱ्या ७६ वर्षांच्या वडिलांना जिंजी आणि तंजावर कसं दाखवावं?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी वडिलांना घेऊन तमिळनाडूतल्या जिंजी किल्ल्याला आणि तंजावरला जायचा विचार आहे. अण्णा, मी आणि माझा कॉलेजातला मुलगा असे तिघंच. यापैकी कुठे जाऊन आलेलं कुणी असेल, विशेषतः घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन, तर कृपया सविस्तर लिहा. प्रश्न खाली विचारलेत, पण आधी थोडं अण्णांबद्दल सांगते, म्हणजे काय हवंय ते नीट कळेल.

अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात ३१ वर्षं इतिहास शिकवत होते. दर वर्षी मुलांची सहल रायगडला नाहीतर प्रतापगडला न्यायचे. राजगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग सगळं पाहून झालंय, साल्हेरसुद्धा पन्नाशीत चढले. राहिली ती जिंजी. आणि जिंजीचा धडा तर ते असा शिकवायचे, की वर्ग संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. मी त्याच शाळेत होते, म्हणून हे माहीत आहे. संभाजीराजांना मारल्यानंतर रायगडाला वेढा पडलेला, राजाराम महाराज वेश पालटून पन्हाळ्याहून निघतात, केळदीची राणी चन्नम्मा वाट देते, बंगळुरात संशय येतो तेव्हा खंडो बल्लाळ मागे थांबून मार खातात पण तोंड उघडत नाहीत. आणि १६८९ च्या अखेरीस महाराज जिंजीला पोचतात. मग अण्णा फळ्यावर दोनच आकडे लिहायचे, १६७७ आणि १६८९. थोरल्या महाराजांनी, म्हणजे शिवरायांनी, दक्षिणेत एवढ्या लांब जाऊन किल्ला का घेतला, तट नव्याने का बांधून घेतला, याचं उत्तर १२ वर्षांनी मिळालं, असं सांगायचे. पुढे १६९८ पर्यंत मोगलांना तो किल्ला पुरून उरला.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. ती बातमी अण्णांनी कात्रीने कापून डायरीत चिकटवली आणि संध्याकाळी चहा घेताना सहज म्हणावं तसं म्हणाले, "तेवढी एक राहिलीच गं." आजवर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

अडचण गुडघ्यांची आहे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ४ वर्षांपूर्वी झालं, तो बरा आहे. डावा दुखरा. सपाटीवर काठी घेऊन अर्धा-पाऊण तास आरामात चालतात. गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी आमच्या बिल्डिंगचे जिने चढताहेत. उजवा हात कठड्याला, डाव्या हातात काठी, प्रत्येक पायरीवर आधी बरा पाय, मग दुखरा. खाली आले की खिशातली डायरी काढून आकडा लिहितात. काल ५४ होता. जिंजीच्या मुख्य टेकडीला, राजगिरीला, हजाराच्या वर पायऱ्या आहेत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना ते माहीत असणारच, पण तेही बोलत नाहीत.

आमच्याकडच्या एका यात्रा कंपनीत चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, "जिंजीत काय आहे ताई, नुसते दगड. त्यापेक्षा कोडाईकनाल घ्या." अण्णा शेजारच्या खुर्चीवर बसले होते. काही बोलले नाहीत, पण रस्त्यात गाडीतही गप्प होते. तेव्हाच ठरवलं, की आपलं आपणच जायचं.

आता प्रश्न.

वर न चढता जिंजीत खाली किती पाहता येतं? तेवढ्यासाठी एवढ्या लांब जाणं योग्य आहे का? की पायथ्याशी उभं राहून वर बघताना त्यांना जास्तच वाईट वाटेल? हा माझा खरा प्रश्न आहे, बाकीचे सोयीचे आहेत.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात तिथे राज्य केलेल्या भोसल्यांचा मराठी शिलालेख आहे, तो नेमका कुठे? सहज वाचता येतो का? अण्णांना मोडीही उत्तम येते. निवृत्तीनंतर भावकीतल्या लोकांची जुनी खतं भिंग घेऊन वाचून देतात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद बघायला मिळतात का?

मुक्काम कुठे करावा? गाडी-ड्रायव्हर तिथूनच घ्यावा का? आम्हाला तमिळचा एक शब्द येत नाही. अण्णांना साखरेचा त्रास आहे, तेव्हा रोज दोन्ही वेळा भात चालणार नाही.

आधीच आभार.

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, जरूर न्या. मी दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेलो होतो, सोबत ७० वर्षांची आई होती. ती वर आली नाही, तरी आजही जिंजीचं नाव काढते.

आधी रचना समजून घ्या. जिंजी म्हणजे राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा लांबच लांब तट. आपल्याकडच्या किल्ल्यांसारखी एका डोंगराची चढाई नाही. राजगिरीच्या पायथ्याचा भाग हेच एक अख्खं गाव होतं, आणि तो बऱ्यापैकी सपाट आहे. कल्याण महाल, पागा, धान्याची कोठारं, हत्तींचा तलाव, सगळं खालीच. कल्याण महाल चौकोनी अंगणाच्या मधोमध मजल्यावर मजला चढवत नेलेला आहे, निमुळता होत गेलेला. त्याच्या सावलीत बसलं की राजगिरी पूर्ण दिसते. आई तिथे दोन तास बसली होती. खालच्याच भागात वेंकटरमण मंदिर आहे, तेही चुकवू नका. पुढे पुदुच्चेरीला गेलात तर समुद्राकाठी गांधीजींच्या पुतळ्याभोवती उंच कोरीव खांब दिसतील, ते जिंजीहूनच नेलेले आहेत.

वरचं म्हणाल तर राजगिरी पायथ्यापासून साधारण ८०० फूट आहे. शेवटच्या टप्प्यात कड्याला खोल चीर आहे, २४ फूट रुंद आणि ६० फूट खोल. ती पुलावरून ओलांडल्याशिवाय बालेकिल्ल्यात जाताच येत नाही. हा किल्ला इतकी वर्षं का झुंजला, ते तिथे उभं राहिलं की समजतं. मुलाला वर पाठवा आणि त्या चिरेचा व्हिडिओ काढून आणायला सांगा. फक्त सकाळी लवकर, कारण दुपारनंतर वर सोडत नाहीत. माकडं फार आहेत, खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका. पाणी मात्र भरपूर घ्या, वाटेत काही मिळत नाही.

मुक्काम तिरुवण्णामलैला करा, जिंजी तिथून ४० किमीच्या आत आहे. फक्त पौर्णिमा टाळा. त्या दिवशी तिथल्या अरुणाचल डोंगराच्या १४ किमीच्या प्रदक्षिणेला इतकी गर्दी लोटते, की खोलीही मिळत नाही आणि गाडीही हलत नाही. दादरहून पुदुच्चेरीला जाणारी चालुक्य एक्सप्रेस मिरज, बेळगाव, बंगळूर करत तिरुवण्णामलैला थांबते, आठवड्यातून ३ दिवस आहे. प्रवास लांबचा, पण खालचा बर्थ मिळाला तर गुडघ्यांना विमानतळावरच्या धावपळीपेक्षा बरा.

प्रतिसाद २ (चेन्नई)

तुमचा धागा वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात आजही मराठीच बोलतो, तुम्हाला ती जरा जुनी आणि वेगळी वाटेल एवढंच. आई म्हणाली, त्या मास्तरांना सांग, या.

मोठ्या देवळातला लेख असा सापडेल. पूर्वेच्या गोपुरांमधून आत आलात की समोर नंदी. नंदी ओलांडून डाव्या हाताला वळा आणि दक्षिणेकडच्या ओवऱ्यांच्या कडेने मागे मागे चालत राहा. नैऋत्य कोपऱ्यात भिंतीवर ओळीच ओळी दिसतील. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास तो. लिपी देवनागरी आहे, त्यामुळे तुमचा मुलगाही वाचू शकेल. सगळा वाचायचा तर एक दिवस पुरणार नाही, पण पहिल्या काही ओळी तुमच्या अण्णांनी मोठ्याने वाचाव्यात. आजूबाजूला सगळे तमिळ बोलत असतात आणि मधेच भिंतीवर आपली भाषा भेटते. मी लहान असताना माझे आजोबा बोट धरून मला तिथे नेत आणि अक्षर अक्षर वाचून घेत. मी मराठी वाचायला त्या भिंतीवर शिकलो.

आता कामाचं. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि अंगण प्रचंड आहे. अकरानंतर दगड असा तापतो, की पाय टेकवत नाही. अण्णांसाठी जाड सुती मोजे घ्याच. सकाळी सातच्या सुमाराला जा, नाहीतर संध्याकाळी. दुपारी गाभारा बंद असतो. संध्याकाळच्या उन्हात विमानाचा, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराचा, रंग बदलत जातो, तेव्हा हिरवळीवर नुसतं बसून राहा. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं ते देऊळ, मराठ्यांना आणखी ६०० हून अधिक वर्षांनी मिळालं. भोसल्यांनी त्यात डागडुजी केली, गणपतीचं देऊळ नव्याने बांधलं, आणि आपला इतिहास कोपऱ्यातल्या भिंतीवर लिहिला. मुख्य विमानाच्या जोत्यावर चोळांचे तमिळ लेख आहेत, त्यांना हात लावला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

राजवाड्याला वेगळा अर्धा दिवस ठेवा. कलादालनात चोळकाळातले कांस्याचे नटराज आहेत, आणि तिथेच सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभा. फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. सरस्वती महाल त्याच आवारात. सर्वांसाठी उघडा आहे तो संग्रहालयाचा भाग, त्यात निवडक पोथ्या आणि चित्रं मांडलेली असतात. मोडी कागदांचे गठ्ठे आत ग्रंथालयात असतात, ते असे चालत जाऊन हातात मिळत नाहीत. महिनाभर आधी पत्र लिहा, अण्णा कोण, काय वाचतात, कशासाठी बघायचंय ते सांगा आणि ओळखपत्राची प्रत जोडा. मोडी वाचणारी माणसं कमी झालीत, त्यामुळे अशा पत्राची दखल घेतली जाईल असं मला वाटतं.

जेवणाचं: सकाळ-संध्याकाळ इडली, डोसा, पोंगल. दुपारी केळीच्या पानावर भात. चपाती बहुतेक ठिकाणी रात्रीच मिळते, तेव्हा दुपारसाठी डब्याची काहीतरी सोय ठेवा. ड्रायव्हर तिरुवण्णामलैहूनच घ्या, हिंदी समजणारा मागितला तर मिळतो.

प्रतिसाद ३ (सांगली, फिजिओथेरपिस्ट)

चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला महाग पडतं. अण्णा ५४ चढतात हे छान, पण उतरताना दुखरा पाय आधी खाली टेकवतात ना, ते बघा. काठी डाव्या हातात आणि दुखणाही डावाच, हे उलट होतंय. सपाटीवर चालताना काठी उजव्या हातात हवी. जिन्यात कठडा उजवीकडे असेल तर काठी डावीकडे धरणं चालेल. जाण्याआधी ८ दिवस जिन्याचा सराव थांबवा आणि फक्त सपाटीवर चालू द्या. जिंजी आणि तंजावर यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्यांना तो नको असेल, तरी ठेवा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काठीचं लगेच सांगितलं, आज हात बदलून चालले.

प्रतिसाद १ आणि २ मी अण्णांना प्रिंट काढून दिले. चष्मा लावून दोनदा वाचले. मग पेन्सिलीने कल्याण महालाखाली रेघ मारली आणि म्हणाले, "मी इथे बसेन. नातवाला वर पाठवू. तो खाली आला की मला धडा त्याने सांगायचा." मला जे विचारायचं धाडस होत नव्हतं, ते त्यांनीच मिटवलं.

सरस्वती महालाच्या पत्राचा मसुदा त्यांनी काल रात्रीच लिहिला, मराठीत. त्याचं इंग्रजी मी करते आहे. तारखा अशा धरल्यात: तिरुवण्णामलैला ३ रात्री (एक दिवस जिंजी, एक दिवस नुसता आराम), मग गाडीने तंजावर, तिथे ३ रात्री. एक सकाळ कुंभकोणमजवळच्या दारासुरमच्या मंदिरासाठी ठेवली आहे. परतताना त्रिचीहून विमान.

चेन्नईकरांना एक विचारायचं राहिलं. आई त्या वेळी तंजावरला असतील का? अण्णा म्हणतात, शिलालेख वाचायचा तर त्यांच्यासोबत वाचायला आवडेल. त्यांना जमणार असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, तारखा त्यांच्या सोयीने पुढेमागे करू.