रंकाळ्याकाठी राहायला येताना

प्रश्नकर्ती : नमस्कार. बदलीमुळे आम्ही सहकुटुंब कोल्हापुरात येत असून रंकाळा तलावाजवळ घर पाहत आहोत. सोबत वृद्ध सासूबाई असल्याने फिरण्याची ठिकाणे आणि तेथील रोजचे जीवन यांविषयी जाणकारांनी कृपया माहिती द्यावी.

प्रतिसाद १ : ताई, सकाळी तलावाच्या काठाने फिरणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे सासूबाईंना सोबत सहज मिळेल. पद्माराजे उद्यान आणि १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस काठावरच आहेत. तलावातली संध्यामठ ही जुनी दगडी वास्तू मात्र पावसाळ्यात बरीचशी पाण्याखाली जाते, म्हणून ती उन्हाळ्यात पाहावी. काठावरचा नंदी रोज किंचित पुढे-मागे सरकतो, अशी आख्यायिकाही येथे सांगितली जाते.

प्रतिसाद २ : संध्याकाळी चौपाटीवर भेळ खायला सारे शहर लोटते, त्यामुळे अगदी समोरचे घर घेण्यापूर्वी सुट्टीच्या दिवशी तेथील गर्दी आणि गोंगाट स्वतः अनुभवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गंगावेश भागातल्या दूधकट्ट्यावर म्हशीचे दूध समोर पिळून देतात. तालमीतल्या पैलवानांचा हा जुना शिरस्ता आता इतरांनीही उचलला आहे.

प्रतिसाद ३ : एक बाजू राहून गेली. सांडपाणी मिसळल्याने पाण्यावर हिरवट थर येतो व जलपर्णीही वाढते, म्हणून दुर्गंधीची चौकशी शेजाऱ्यांकडेच करावी, दलालाकडे नव्हे.

प्रश्नकर्ती : आपणा सर्वांची आभारी आहे. आता काठापासून दोन गल्ल्या आत घर शोधते.